डिलीट केलेला मेसेज जात का नाही, आणि गेला तरी परत का येतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: स्मार्टफोनमधील जुने मेसेज डिलीट करताना काही मेसेज जागचे हलत नाहीत, काही दिसेनासे होतात पण फोन बंद करून सुरू केला की पुन्हा हजर होतात, हजारो मेसेज काढूनही जागा मोकळी झालेली दिसत नाही, आणि ॲपच्या चिन्हावरचा न वाचलेल्या मेसेजचा आकडा तसाच राहतो. फोन कोणता हे प्रश्नात दिलेले नसल्यामुळे अँड्रॉइड आणि आयफोन या दोहोंचा विचार मी येथे केला आहे. मेसेज म्हणजे मुख्यतः साधे एसएमएस आणि त्याच ॲपमध्ये येणारे चॅट, असे मी गृहीत धरले आहे.

फोनमधील सॉफ्टवेअरच्या तक्रारी हाताळताना मला वर्षानुवर्षे एक गोष्ट दिसत आली आहे. बहुतेक वेळा डिलीट करण्याची सोय बिघडलेली नसते. तुम्ही ज्या प्रतीवर बोट ठेवले ती प्रत गेलेली असते, आणि तुम्हाला पुन्हा दिसणारा मेसेज ही त्याची दुसरीच प्रत असते. एकच मेसेज फोनच्या मुख्य साठ्यात असतो, मेसेजच्या ॲपने आपल्या सोयीसाठी ठेवलेल्या नोंदींत असतो, कधी सिमकार्डवर असतो, कधी क्लाउडमध्ये असतो, आणि जोडलेल्या संगणकावर, घड्याळात किंवा गाडीच्या पडद्यावरही असू शकतो. म्हणून पुन्हा पुन्हा डिलीटचे बटण दाबण्याआधी आपण कोणत्या प्रतीशी झगडत आहोत ते ठरवावे.

ते ठरवण्यासाठी मी नेहमी एक साधी चाचणी करतो. फोन एअरप्लेन मोडवर टाकावा आणि वायफायही बंद असल्याची खात्री करावी. बिनमहत्त्वाचा एक मेसेज निवडून तो डिलीट करावा, फोन बंद करून पुन्हा सुरू करावा आणि एअरप्लेन मोड न काढताच मेसेजची यादी पाहावी. मेसेज याच अवस्थेत परत आला, तर दोष फोनच्या आत, म्हणजे ॲपमध्ये, मुख्य साठ्यात किंवा सिमवर आहे. या अवस्थेत तो गेलेला राहिला आणि नेटवर्क किंवा इंटरनेट सुरू केल्यावरच परत आला, तर तो बाहेरून येत आहे. पाच मिनिटांच्या या चाचणीने निम्म्या शंका बाजूला पडतात आणि उरलेल्या शोधाला दिशा मिळते.

प्रथम अँड्रॉइडमधील आतल्या दोषांकडे पाहू. २०१३ साली आलेल्या अँड्रॉइड ४.४ पासून असा नियम आहे की फोनच्या मुख्य एसएमएस साठ्यात लिहिण्याचा किंवा तेथून पुसण्याचा अधिकार एकाच ॲपला, म्हणजे तुम्ही डीफॉल्ट म्हणून नेमलेल्या एसएमएस ॲपलाच असतो. इतर ॲप परवानगी घेऊन मेसेज वाचू शकतात, पण पुसू शकत नाहीत. फोनमध्ये मेसेजची दोन ॲप असतील आणि तुम्ही डीफॉल्ट नसलेल्या ॲपमध्ये मेसेज डिलीट करत असाल, तर तो मेसेज त्या ॲपच्या पडद्यावरून जाईल, पण मूळ साठ्यात तसाच राहील आणि पुढच्या वेळी यादी नव्याने भरली गेली की पुन्हा उगवेल. एकदा एका फोनवर मी दोन तास इतर सर्व उपाय करून पाहिले, आणि अखेरीस लक्षात आले की जुन्या फोनवरून माहिती आणताना जुने मेसेज ॲपही सोबत आले होते. मालक त्या ओळखीच्या ॲपमध्ये डिलीट करत होता आणि डीफॉल्ट ॲप दुसरेच होते. तेव्हापासून मी सर्वांत आधी सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात डीफॉल्ट ॲप्स आणि तेथे एसएमएस ॲप म्हणून कोणाचे नाव आहे ते पाहतो. नावापुढे अपेक्षित ॲप दिसत असले तरी एकदा दुसरे ॲप निवडून पुन्हा पहिले निवडावे, कारण मोठ्या अपडेटनंतर अडकलेला हा अधिकार अशा अदलाबदलीने अनेकदा सुरळीत होतो.

डीफॉल्ट ॲप बरोबर असूनही मेसेज परत येत असेल, तर ॲपच्या स्वतःच्या नोंदी आणि फोनचा मुख्य साठा यांच्यातील मेळ बिघडलेला असतो. गूगल मेसेजेससारखे ॲप वेगाने शोध घेता यावा म्हणून मुख्य साठ्यातील मेसेजची आपली वेगळी नोंदवही ठेवते आणि दोन्हींचा ताळमेळ घालत राहते. हा ताळमेळ अर्धवट राहिला की एका बाजूने गेलेला मेसेज दुसऱ्या बाजूने परत येतो. येथे ॲपचे अपडेट तपासावे, ॲप फोर्स स्टॉप करावे आणि स्टोरेजमध्ये जाऊन त्याची कॅशे, म्हणजे ॲपने वेगासाठी ठेवलेल्या तात्पुरत्या फाइल, पुसावी. कॅशे पुसल्याने मेसेज जात नाहीत. त्याच्या शेजारी असलेले डेटा पुसण्याचे बटण मात्र वेगळे आहे. त्याने ॲपच्या सेटिंग्ज आणि त्याची नोंदवही जाते, म्हणून बॅकअप घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये.

याच संदर्भात एक इशारा देणे मला अत्यंत आवश्यक वाटते. सिस्टम ॲपची यादी उघडली की फोन आणि मेसेजिंगच्या स्टोरेजचे एक ॲप दिसते. वरकरणी ते निरुपयोगी वाटते, पण सर्व एसएमएसचा मुख्य साठा तेच सांभाळते. त्याचा डेटा पुसला की फोनमधील सगळे एसएमएस एका फटक्यात जातात, आणि बॅकअप नसेल तर ते परत आणण्याचा भरवशाचा मार्ग उरत नाही. एका संभाषणाचा त्रास मिटवण्यासाठी हा सल्ला देणारे लोक भेटतात. सर्वच मेसेज घालवायचे असतील तरच तो मानावा.

काही वेळा मेसेज डिलीट झालेलाच नसतो, तो नुसता बाजूला गेलेला असतो. गूगल मेसेजेसमध्ये संभाषण बोटाने आडवे सरकवले की ते सहसा अर्काइव्हमध्ये जाते, आणि त्या क्रमांकावरून नवा मेसेज आला की जुन्या मजकुरासह मुख्य यादीत परत येते. मालकाची समजूत अशी होते की डिलीट केलेले संभाषण जिवंत झाले. सरकवण्याने काय घडावे हे ॲपच्या सेटिंग्जमध्ये बदलता येते. तेथे डिलीट निवडावे, किंवा संभाषण दाबून धरून वर येणारे कचरापेटीचे चिन्ह वापरावे. न वाचलेल्या मेसेजचा हट्टी आकडादेखील बहुधा येथूनच आलेला असतो, कारण अर्काइव्हमध्ये किंवा स्पॅम आणि ब्लॉक केलेल्या मेसेजच्या कप्प्यात एखादा न वाचलेला मेसेज पडून असतो. ते दोन्ही कप्पे रिकामे करूनही आकडा राहिला, तर तो होमस्क्रीन दाखवणाऱ्या लाँचरने धरून ठेवलेला असतो आणि लाँचरची कॅशे पुसून फोन पुन्हा सुरू केला की सहसा जातो. सॅमसंगच्या मेसेज ॲपमध्ये ट्रॅशची सोय चालू असेल, तर डिलीट केलेले मेसेज ३० दिवस तेथे राहतात, म्हणून तोही कप्पा पाहावा.

संभाषण डिलीट केल्यावर त्यातील एकदोनच मेसेज मागे राहत असतील, तर ते लॉक केलेले आहेत का ते पाहावे. जुन्या अनेक ॲपमध्ये महत्त्वाचा मेसेज लॉक करता येतो आणि संपूर्ण संभाषण पुसताना तो मुद्दाम वगळला जातो. डिलीट करताना येणाऱ्या खिडकीत लॉक केलेले मेसेजही काढावेत का, असा छोटा चौकोन असतो आणि घाईत तो नजरेतून सुटतो.

काहीच मजकूर नसलेले, तरीही न जाणारे रिकामे संभाषण हा प्रकार अधिक चिवट आहे. संभाषणांची यादी आणि प्रत्यक्ष मेसेज यांच्या नोंदी साठ्यात वेगवेगळ्या तक्त्यांत असतात. मेसेज गेले पण यादीतील ओळ राहिली, किंवा न पाठवलेला मसुदा अथवा पाठवताना अडकलेला मेसेज त्या ओळीला चिकटून राहिला, की अशी भुताटकी दिसते. तारखेचा गोंधळ झालेले मेसेजही असेच त्रास देतात. बॅटरी पूर्ण संपल्याने फोनचे घड्याळ मागे गेले असेल, तर मेसेजवर १ जानेवारी १९७० ही तारीख दिसते, कारण अँड्रॉइडची कालगणना त्या क्षणापासून सुरू होते; आणि घड्याळ चुकून पुढे गेले असेल तर भविष्यातील तारखेचा तो मेसेज यादीच्या माथ्यावर ठाण मांडून बसतो. यावरचा माझा उपाय असा: आधी तारीख आणि वेळ नेटवर्कवरून आपोआप घेण्याची सेटिंग चालू करावी, मग त्याच क्रमांकाला एक नवा मेसेज पाठवावा किंवा निदान लिहायला घेऊन मसुदा पुसावा, म्हणजे ती ओळ नव्याने बांधली जाते, आणि त्यानंतर संपूर्ण संभाषण डिलीट करावे. ज्या क्रमांकावर उत्तर पाठवता येत नाही, तेथे ॲपची कॅशे पुसणे किंवा तात्पुरते दुसरे ॲप डीफॉल्ट करून त्यातून ते संभाषण काढणे, हे मार्ग उरतात.

आता हजारो मेसेजचा आणि जागेचा प्रश्न. एकाच संभाषणात आठदहा हजार मेसेज असतील तर ते पुसायला वेळ लागतो, आणि या काळात ॲप प्रतिसाद देत नसल्याची सूचना आली म्हणून ते बंद केले, तर काम अर्धवट राहून काही मेसेज परत दिसतात. अशा वेळी फोन चार्जरला लावावा, ॲप उघडे ठेवावे आणि थांबावे. शक्य असेल तेथे थोडे थोडे मेसेज निवडून टप्प्याटप्प्याने काढावेत. फोनची जागा जवळजवळ संपलेली असताना तर डिलीट करणेच अडते. हे विचित्र वाटेल, पण नोंद पुसताना मध्येच वीज गेली तरी साठा बिघडू नये म्हणून आधी तात्पुरती नोंद लिहावी लागते, आणि ती लिहायलाच जागा नसते. म्हणून प्रथम एखादा मोठा व्हिडिओ किंवा न लागणारे ॲप काढून काहीशे मेगाबाइट मोकळे करावेत आणि मग मेसेजकडे वळावे.

मेसेज काढल्याने जागा किती सुटेल, याबद्दलची अपेक्षाही तपासून घ्यावी. एका एसएमएसमध्ये जास्तीत जास्त १४० बाइट मजकूर मावतो. त्याच्यासोबतची इतर माहिती धरली तरी दहा हजार एसएमएस काही मेगाबाइटच्या पलीकडे सहसा जात नाहीत. फोनमधील एक फोटो कधी कधी तेवढा असतो. शिवाय मेसेज पुसले की साठ्याची फाइल लगेच लहान होत नाही, तिच्यातील मोकळी पाने पुढच्या मेसेजसाठी राखली जातात, म्हणून आकडा हललेला दिसत नाही. जागा खाणारे असतात ते मेसेजसोबत आलेले फोटो, व्हिडिओ आणि आवाजाच्या फाइल. जागेसाठीच झगडत असाल तर मजकुराचे मेसेज सोडून द्यावेत आणि या फाइल शोधून काढाव्यात.

सिमकार्डवरचे मेसेज हे आज अनेकांना ठाऊकच नसलेले ठिकाण आहे. सिमवर मेसेजसाठी ठरावीक खाने असतात, प्रत्येक खाना १७६ बाइटांचा, आणि त्यांची संख्या फार थोडी, साधारणतः काही दहांच्या घरात असते. इंग्रजी मजकुराचा एक एसएमएस १६० अक्षरांचा असतो, तर देवनागरीत ही मर्यादा ७० वर येते. मेसेज त्याहून लांब झाला की तो तुकड्यांत पाठवला जातो आणि जोडणीच्या माहितीला जागा लागत असल्याने प्रत्येक तुकड्यात ६७ अक्षरेच मावतात. त्यातही काना, मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार स्वतंत्र मोजले जातात. म्हणजे २०० अक्षरांचा मराठी मेसेज सिमवरचे तीन खाने व्यापतो. जुन्या फोनमध्ये वापरलेल्या सिमवर असे मेसेज साठलेले असतात, आणि सिम भरल्याची सूचना येत राहते, मग मुख्य यादीतून तुम्ही कितीही मेसेज डिलीट केले तरी ती सूचना जात नाही. मेसेज ॲपच्या सेटिंग्जमध्ये, बहुधा प्रगत किंवा इतर सेटिंग्ज या भागात, सिमवरील मेसेजची वेगळी यादी असते. तेथूनच ते काढावे लागतात. दोन सिम असतील तर दोन्ही तपासावीत.

एअरप्लेन मोडच्या चाचणीत मेसेज नेटवर्क सुरू केल्यावरच परत येत असेल, तर तो कदाचित नेटवर्ककडून खरोखरच पुन्हा येत आहे. मेसेज मिळाल्याची पोच फोनने नेटवर्कला द्यायची असते. सिग्नल क्षीण असताना ती पोच पोहोचली नाही, तर नेटवर्कमधील संदेश केंद्र मेसेज पोहोचलाच नाही असे समजून तो पुन्हा पाठवते. मेसेज दाबून धरून त्याचा तपशील पाहावा: पाठवल्याची वेळ तीच आणि मिळाल्याची वेळ वेगळी असेल, तर हा पुनर्प्रेषणाचा प्रकार आहे आणि तुमचे डिलीट करणे निर्दोष आहे. असे वारंवार होत असेल तर सिम काढून स्वच्छ करून बसवावे, फोन पुन्हा सुरू करावा आणि तरीही थांबले नाही तर मोबाइल सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदवावी. याच यंत्रणेमुळे आणखी एक गैरसमज होतो. साठा भरलेला असताना फोन नेटवर्कला जागा नसल्याचे कळवतो आणि मेसेज केंद्रात थांबून राहतात. तुम्ही काही मेसेज काढले की फोन जागा मोकळी झाल्याचे कळवतो आणि अडलेले मेसेज धडाधड येतात. ते जुन्या तारखांचे असल्यामुळे डिलीट केलेलेच परत आले असे वाटते, प्रत्यक्षात ते तुम्ही प्रथमच पाहत असता.

आयफोनची रीत वेगळी आहे. २०२२ मधील आयओएस १६ पासून डिलीट केलेले मेसेज थेट जात नाहीत. ते नुकतेच डिलीट केलेल्यांच्या कप्प्यात राहतात आणि ३० दिवसांनी, काही वेळा ४० दिवसांपर्यंत, कायमचे जातात. जागा तातडीने हवी असेल किंवा मेसेज कोणाच्या नजरेस पडू नये असे वाटत असेल, तर त्या कप्प्यात जाऊन ते पुन्हा डिलीट करणे भाग आहे. दुसरी गोष्ट आयक्लाउडची. आयक्लाउडमधील मेसेजची सोय चालू असेल तर एका उपकरणावरून काढलेला मेसेज त्याच खात्याच्या सर्व उपकरणांवरून जातो. ती बंद असेल तर आयफोनवर काढलेला मेसेज आयपॅडवर किंवा मॅकवर सुखाने राहतो. ती चालू असूनही मेसेज परत येत असतील, तर ताळमेळ अपुरा राहिलेला आहे: फोन वायफायला आणि चार्जरला जोडावा आणि सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर, मग आयक्लाउडवर, मग मेसेजवर जाऊन आत्ताच सिंक करण्याचा पर्याय द्यावा. तेथेच सोय बंद करून डेटा डिलीट करण्याचाही पर्याय आहे, तो सहज म्हणून दाबू नये. मेसेज किती काळ ठेवावेत याचे ३० दिवस, एक वर्ष आणि कायम असे तीन पर्याय मेसेजच्या सेटिंग्जमध्ये आहेत. वर्षाचा पर्याय निवडला की त्याआधीचे सर्व मेसेज, त्यांत जपून ठेवलेली छायाचित्रेही, निघून जातात, म्हणून मी तो स्वतःहून कोणालाही सुचवत नाही. जागेसाठी आयफोन स्टोरेजमध्ये मेसेजखाली मोठ्या फाइलची यादी मिळते, ती पुरेशी असते.

मेसेज चुकीच्या व्यक्तीला गेला आणि तिच्या फोनवरूनही तो काढायचा आहे, असा डिलीटचा अर्थ असेल, तर साध्या एसएमएसबाबत ते शक्य नाही. आपल्याकडून पुसल्याने फक्त आपली प्रत जाते. आयमेसेजमध्ये, म्हणजे ॲपलच्या उपकरणांमध्ये इंटरनेटवरून जाणाऱ्या मेसेजमध्ये, मात्र पाठवल्यापासून दोन मिनिटांच्या आत तो मागे घेता येतो.

जोडलेल्या उपकरणांना विसरू नये. संगणकावरील ब्राउझरमध्ये उघडलेले मेसेज, मनगटावरील घड्याळ आणि ब्लूटूथने जोडलेली गाडी यांच्याकडे मेसेजच्या आपापल्या प्रती असतात. गाडी भाड्याची किंवा दुसऱ्याची असेल, तर तिच्या पडद्यावरील जोडणीच्या यादीतून आपला फोन काढून टाकणे हे मेसेज डिलीट करण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

फोन साफ करून देण्याचे आश्वासन देणाऱ्या ॲपविषयी माझे मत ठाम आहे: मेसेजच्या तक्रारीसाठी ती वापरू नयेत. मेसेज पुसण्यासाठी अशा ॲपला डीफॉल्ट एसएमएस ॲप व्हावे लागते, म्हणजे तुमच्या बँकेचे ओटीपीही त्याच्या हाती जातात. किंबहुना मेसेज विनाकारण परत येऊ लागले असतील, तर असे एखादे ॲप आधीच बसलेले आहे का ते पाहण्यासाठी फोन सेफ मोडमध्ये सुरू करावा, कारण त्यात बाहेरून घेतलेली ॲप बंद राहतात. सेफ मोडमध्ये डिलीट नीट होत असेल, तर अलीकडे घेतलेली ॲप एकेक करून काढत जावे. धमकीचे, फसवणुकीचे किंवा पैशांच्या व्यवहाराचे मेसेज मात्र या सफाईत पुसू नयेत. तक्रार करण्याची वेळ आली तर स्क्रीनशॉटपेक्षा फोनमधील मूळ मेसेजला अधिक वजन असते.

एवढे करूनही मेसेज हटत नसेल, तर मुख्य साठाच खराब झाला असण्याची शक्यता धरावी. मग मेसेज आणि छायाचित्रांचा बॅकअप घेऊन फॅक्टरी रीसेट करावे लागते, म्हणजे फोनमधील सर्व काही पुसून तो नव्यासारखा कोरा करावा लागतो. रीसेटनंतर लगेच मेसेजचा बॅकअप परत भरू नये, कारण त्यासोबत जुना त्रासही परत येऊ शकतो. आधी एकदोन दिवस कोऱ्या यादीवर नवे मेसेज नीट डिलीट होतात का ते पाहावे. रीसेट स्वतः करण्याची तयारी नसेल आणि फोन सेवा केंद्रात न्यायचा असेल, तर मेसेज ॲपचे नाव आणि आवृत्ती, डीफॉल्ट एसएमएस ॲप कोणते, न जाणाऱ्या मेसेजच्या पाठवल्याच्या आणि मिळाल्याच्या वेळा आणि एअरप्लेन मोडच्या चाचणीत काय दिसले, या चार गोष्टी कागदावर लिहून सोबत न्याव्यात. फोन पाहणाऱ्याला त्यावरून आतला दोष आणि बाहेरचा दोष तेथल्या तेथे वेगळा करता येतो, आणि रीसेटची वेळ पुष्कळदा येतच नाही.